बातमी, वृत्तलेख आणि कोलशेत

बातमीला दिनांक लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, ही निखळ बातमी होय. कोण, कोठे, केव्हा यांची उत्तरे तिच्या पहिल्याच वाक्यात मावतात. जागेअभावी शेवटचे परिच्छेद कापले तरी ती उभी राहते. वृत्तलेखाचा शेवट कापला तर अर्थच जातो. अनिल अवचट यांच्या ‘पूर्णिया’ने (१९६९) हा भेद मराठी वाचकांपुढे ठळकपणे आणला: बिहारमधील दारिद्र्य त्यात आकड्यांपेक्षा माणसांच्या रूपाने आले.

ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी वसलेल्या कोलशेतचे स्थित्यंतर याच जातीचे आहे. आगरी-कोळी वस्तीच्या या परिसरात प्रथम रासायनिक कारखाने आले, पुढे कारखान्यांच्या जमिनीवर गृहसंकुले उभी राहिली. कारखान्याचे उद्घाटन किंवा जमिनीचा व्यवहार बातमी ठरतो. पण खाडीवरील मासेमारी कुटुंबाचे पोट भरेनाशी केव्हा झाली, याला दिनांक नाही. १८६६ मध्ये ‘अरुणोदय’ निघालेल्या ठाण्यात वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. तरीही केवळ बातम्यांची कात्रणे जमविणाऱ्या अभ्यासकास कोलशेतच्या या दोन टोकांमधला काळ रिकामाच दिसेल.