वर्णक्रम पालटला तेव्हा

दफ्तरातील सूची ज्या वर्णक्रमाने लाविली, त्याच क्रमाने ती धुंडाळावी, हा जुना दंडक संगणकालाही चुकलेला नाही. १९७० मध्ये बोइंग कंपनीतील बायर व मॅक्रेट यांनी मांडलेली 'बी-ट्री' ही वृक्षाकार सूची त्याच विश्वासावर उभी आहे. परंतु २०१८ च्या ऑगस्टात लिनक्समध्ये वर्णक्रमाचे नियम पुरविणाऱ्या 'जीलिबसी' या आज्ञासंग्रहाची २.२८ ही आवृत्ती निघाली, तिने वर्णक्रमाचे नियमच पालटले, आणि जुन्या क्रमाने रचिलेल्या पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीच्या सूचीत नव्या क्रमाने शोध घेणाऱ्या यंत्रास, एक अक्षरही पुसले गेले नसता, असलेली नोंद गवसेनाशी होऊन तीच नोंद ते बिनदिक्कत पुन्हा दाखल करून घेऊ लागले. (डिस्क बिचारी निर्दोष!) सूची नव्याने बांधावी, तर एकमेवतेची अट आड येई, म्हणून आधी दुबार नोंदी निवडून काढाव्या लागत.