२ ऑगस्ट : गेन्सबरोचं रान

इंग्लंडमधील श्रीमंतांचा लाडका व्यक्तिचित्रकार थॉमस गेन्सबरो याचे २ ऑगस्ट १७८८ रोजी लंडनमध्ये निधन झाले. ‘द ब्लू बॉय’मधला निळ्या रेशमी पोशाखातला मुलगा सगळ्यांना माहीत असतो. पण या चित्रकाराची सुरुवात झाली ती झाडांपासून. सफक परगण्यातल्या सडबरी गावी कापड व्यापाऱ्याच्या घरी तो वाढला. गावाजवळचे कॉर्नर्डचे रान त्याने शाळकरी वयातच रंगवायला घेतले. चित्र पूर्ण झाले १७४८ च्या सुमारास, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर. मोठाले ओक, सरपण बांधणारा माणूस, गाढवे, तळे आणि दूरवर चर्चचा मनोरा. सगळ्यावर डच निसर्गचित्रकारांची, विशेषतः राइसडालची छाप आहे. पानन्‌पान मन लावून रंगवलेले दिसते, थोडे जास्तच.

पुढे बाथ आणि लंडनमध्ये चेहरे रंगवून त्याने पैसा आणि नाव कमावले, पण पत्रांतून तो या कामाला कंटाळल्याचेच सांगत राहिला. निसर्गचित्रांना मात्र गिऱ्हाईक मिळेना. हे रानही कितीतरी दलालांच्या हातून फिरले. मधल्या काळात एकदा खुद्द गेन्सबरोनेच ते १९ गिनींना विकत घेतले होते! मृत्यूच्या काही महिने आधी लिहिलेल्या पत्रात त्याने या चित्राला शाळकरी वळणाचे म्हटले, तरी जवळून पाहून केलेल्या कामाचा अभिमानही लपवला नाही. त्याच वर्षी ते ७५ गिनींना विकले गेले. १८७५ पासून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.