लोणारच्या शेजारचं अंबर तळं: आकाशातून दगड एक आला होता की दोन?

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाणारे बहुतेक पर्यटक विवराच्या काठावर फोटो काढतात, दैत्यसूदनाचं मंदिर बघतात आणि परत फिरतात. विवराच्या काठापासून उत्तरेला साधारण ७०० मीटरवर आणखी एक गोलसर, खोलगट जागा आहे. रुंदी सुमारे ३०० मीटर. तिला अंबर तळं म्हणतात, काही जण 'छोटं लोणार'ही म्हणतात.

या तळ्याबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. मोठा दगड पडला तिथे सरोवर झालं, छोटा पडला तिथे अंबर तळं. म्हणजे लोणारवर एक नाही, दोन दगड आदळले. विज्ञान यावर काय म्हणतं?

लघुग्रहांनाही चंद्र असतात का?

असतात. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य लघुग्रह पट्ट्यातून जाताना 'गॅलिलिओ' यानाने २८ ऑगस्ट १९९३ रोजी 'इडा' या लघुग्रहाचे फोटो काढले. ते पृथ्वीवर पोहोचायला महिने लागले. १९९४ च्या फेब्रुवारीत फोटो तपासताना इडाच्या शेजारी एक ठिपका दिसला. तो इडाचा चंद्र होता, जेमतेम दीड किलोमीटरचा. त्याचं नाव पुढे 'डॅक्टिल' ठेवण्यात आलं. लघुग्रहाला चंद्र असतो याचा हा पहिला पक्का पुरावा.

त्याच पट्ट्यातला 'अँटिओपी' तर आणखी चकवणारा निघाला. १८६६ मध्ये सापडलेला हा लघुग्रह शतकभर एकच समजला जात होता. २००० मध्ये मोठ्या दुर्बिणीतून बघितल्यावर कळलं की ते दोन जवळपास सारख्या आकाराचे गोळे आहेत, प्रत्येकी ८० किलोमीटरहून मोठे. साडेसोळा तासांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात.

अशा जोड्या बनतात कशा? मोठ्या टकरीतून उडालेले तुकडे एकमेकांच्या ओढीत अडकतात, हा एक मार्ग. लहान लघुग्रहांच्या बाबतीत चक्क सूर्यप्रकाश कामाला येतो. बरेचसे लघुग्रह अखंड खडक नसतात, दगडगोट्यांचे सैल ढीग असतात. वेड्यावाकड्या पृष्ठभागावर पडलेलं ऊन उष्णतेच्या रूपात परत बाहेर पडताना लघुग्रहाला हलकासा पीळ देतं. लाखो वर्षं हे चाललं की त्याची गिरकी वाढत जाते, शेवटी विषुववृत्ताजवळचे दगड सुटतात आणि त्यांचाच चंद्र बनतो.

पृथ्वीच्या आसपास येणाऱ्या, २०० मीटरपेक्षा मोठ्या लघुग्रहांपैकी साधारण १५ टक्के असे जोडीने फिरतात. नासाच्या 'डार्ट' यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी ज्याला धडक दिली, तो 'डिमॉर्फस'ही अशाच जोडीतला धाकटा. धडकेनंतर 'डिडिमॉस'भोवती फिरण्याचा त्याचा वेळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला.

मग पृथ्वीवर जुळी विवरं किती?

१५ टक्के लघुग्रह जोडीने फिरत असतील, तर विवरंही तेवढीच जोडीने असायला हवीत. पण २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब वेगळा होता: जोडीने येणाऱ्या लघुग्रहांमुळे स्पष्ट जुळी विवरं बनण्याचं प्रमाण फक्त २ ते ४ टक्के. कारण साधं आहे. आदळणाऱ्या दगडापेक्षा त्याने पाडलेला खड्डा कितीतरी पट मोठा असतो. चंद्र जवळून फिरत असेल तर तो त्याच मोठ्या खड्ड्यात पडतो आणि त्याची वेगळी खूण उरत नाही.

हा हिशेब लोणारला लावून बघण्यासारखा आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून साधारण दीडशे मीटर खोल आहे. ते पाडणारा दगड साधारण ६० मीटरचा असावा असा अंदाज दिला जातो. डिडिमॉस ७८० मीटरचा आहे आणि त्याचा चंद्र सुमारे १.२ किलोमीटरवरून फिरतो, म्हणजे दीडपट अंतरावरून. तेच प्रमाण धरलं तर लोणारच्या दगडाचा चंद्र त्याच्यापासून शंभर मीटरच्या आसपास असता. अंबर तळं मात्र विवराच्या केंद्रापासून दीड किलोमीटरहून दूर आहे. दगड तिरका आला असेल तर अंतर थोडं ताणलं जातं, तरीही हा फरक फार मोठा आहे. लघुग्रहांची जोडी ही कल्पना कितीही भुरळ घालणारी असली, तरी लोणारच्या मापात ती नीट बसत नाही.

दुसरी शक्यता जास्त सरळ आहे. इतका लहान दगड वातावरणात शिरताना प्रचंड दाबाने फुटू शकतो आणि एखादा तुकडा बाजूला पडू शकतो. एस्टोनियातल्या काली इथे असंच झालं. एका फुटलेल्या दगडाने तिथे नऊ विवरं पाडली आणि त्यातलं सर्वांत मोठं ११० मीटरचं आहे.

अंबर तळं नक्की विवरच आहे का?

इथेच खरी अडचण आहे. मोठ्या लोणारबद्दल आता शंका उरलेली नाही. १८२३ मध्ये ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या जागेची नोंद केल्यानंतर शतकाहून जास्त काळ ते ज्वालामुखीचं तोंड समजलं जात होतं. भोवताली दख्खनचा काळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचाच खडक, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक होतं. १९७० च्या दशकात तळाशी खोदलेल्या बोअरमधून धक्क्याने बदललेले खडक वर आले. त्यात 'मास्केलिनाइट' सापडलं. प्रचंड दाबाखाली खनिजाची काच होते, तेव्हा ते बनतं. ज्वालामुखीत तेवढा दाब कधीच तयार होत नाही.

अंबर तळ्याबाबत अभ्यासकांचं असं एकमत झालेलं नाही. काहींच्या मते तेही आघातातूनच बनलं. इतरांना हे पटत नाही. गोल आकार आणि कडेचा उंचवटा एवढ्यावर विवर सिद्ध होत नाही, कारण तळं खोदून माती कडेला टाकली तरी तसाच आकार तयार होतो. लोणार हे जुन्या मंदिरांचं, कुंडांचं गाव आहे. तिथे माणसांनी जमीन उकरलेली असणं अजिबात नवल नाही. तळ्याजवळच्या मोठ्या मारुतीची झोपलेली मूर्ती उल्केच्या चुंबकीय दगडाची आहे, असंही सांगतात. पण बेसाल्टमध्ये मुळातच चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे होकायंत्राची सुई हलली म्हणून दगड आकाशातून आला असं होत नाही.

शेजारी आहेत म्हणजे जुळे?

कॅनडात 'क्लिअरवॉटर' नावाची दोन सरोवरं अगदी खेटून आहेत. दोन्ही आघाताचीच विवरं आहेत, एक ३६ किलोमीटरचं आणि दुसरं २६. अनेक वर्षं ती जुळ्या विवरांचं ठळक उदाहरण म्हणून सांगितली गेली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनात पश्चिमेचं विवर सुमारे २८.६ कोटी वर्षांचं, तर पूर्वेचं ४६ कोटी वर्षांच्या आसपासचं निघालं. मधे सतरा-अठरा कोटी वर्षांचं अंतर! उलट स्वीडनमधली 'लॉकने' आणि 'मोलिंगेन' ही विवरं एकमेकांपासून १६ किलोमीटर लांब असूनही एकाच वेळी, सुमारे ४५.८ कोटी वर्षांपूर्वी बनल्याचं २०१४ मध्ये मांडलं गेलं.

म्हणजे जुळेपणा ठरतो तो वयावरून. आणि लोणारचं स्वतःचं वयच वादात आहे. १९९० च्या दशकात एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं आलं. २०११ मध्ये वितळून घट्ट झालेल्या खडकातल्या अरगॉन वायूवरून मोजलं, तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दोन उत्तरांत दहापटीहून जास्त फरक आहे. दुसरं उत्तर आज अनेक अभ्यासक जास्त भरवशाचं मानतात.

लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभर चर्चा झाली. अंबर तळ्याच्या वाट्याला असं कौतुक फारसं येत नाही. पण त्याच्या काठावरची माती आणि दगड हाच या प्रश्नाचा मूळ पुरावा आहे. तो हलवला, उकरला किंवा त्यावर बांधकाम झालं, तर पुढे तपासायला काही उरणार नाही. गाळाखालच्या खडकात मास्केलिनाइट मिळालं आणि वितळलेल्या खडकाचं वय मोठ्या विवराशी जुळलं, तर लोणारवर दोन घाव एकदमच बसले असं म्हणता येईल. गाळाखाली साधा, न बदललेला बेसाल्टच लागला, तर अंबर तळं माणसांचं खोदकाम किंवा जमिनीचा नुसता खोलगट भाग ठरेल.