परसबागेतील रंगीत स्विस चार्ड: पेरणी, विरळणी आणि बियाणे

स्विस चार्ड ही विदेशी भाजी म्हणून विकली जात असली, तरी ती आपल्या देशी पालकाची सख्खी बहीण आहे. ऑलग्रीन, पुसा ज्योती यांसारखे आपले पालक, बीट आणि चार्ड ही सर्व पिके बीटा व्हल्गारिस या एकाच प्रजातीतील आहेत. म्हणून ज्याला पालक जमतो, त्याला चार्डही जमते. चुका होतात त्या विरळणीत आणि बियाणे धरण्यात.

परभणी जिल्ह्यात परतीचा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत पेरणी करा. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून कोवळी रोपे कोलमडतात. त्यामुळे १५ सें.मी. उंच गादीवाफा करून त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळा. मागच्या हंगामात पालक किंवा बीट होते ती जागा टाळा, कारण पानांवरील ठिपक्यांचा रोग तोच असतो.

पाकिटातला खडबडीत दाणा हे एक बी नसून दोन-चार बियांचा झुपका असतो. तो रात्रभर पाण्यात भिजवून ३० सें.मी. अंतराच्या ओळीत दीड ते दोन सें.मी. खोल टोका. बियाण्याला बुरशीनाशक लावलेले असल्यास भिजवू नका. साधारण ७ ते १० दिवसांत एकाच ठिकाणी दोन-तीन रोपे वर येतात.

ती तशीच ठेवली तर सगळीच खुरटतात. चार पाने आल्यावर विरळणी सुरू करा आणि शेवटी दोन रोपांत २० ते २५ सें.मी. अंतर राखा. रोप उपटू नका, कात्रीने बुडातून कापा. मुळे गुंतलेली असल्याने उपटताना शेजारचेही हलते. रंगीत मिश्रणात लाल, पिवळा, केशरी, गुलाबी, पांढरा हे रंग कोवळ्या देठावरच दिसू लागतात. केवळ जोमदार रोपे राखली, तर वाफ्यात एक-दोनच रंग उरू शकतात. म्हणून प्रत्येक रंगाचे एखादे बारीक रोपही ठेवा. बियाणे प्रक्रिया न केलेले असेल तर कापलेली रोपे वरणात टाका.

५० ते ६० दिवसांनी बाहेरची पाने तोडा, मधला गाभा राखा. उन्हाळा तापेपर्यंत तोडे चालू राहतात. भाजी करताना देठ आधी फोडणीला टाका, पाने नंतर. पालकाप्रमाणे यातही ऑक्झलेट असते. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेतानेच खावी. नागअळीने नागमोडी रेषा पाडलेली पाने तोडून नष्ट करा. मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

प्रात्यक्षिक घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी शेजारच्या वाफ्यात देशी पालक जरूर लावावा, म्हणजे नाते लगेच लक्षात येते. मात्र पालकासारखे याचे घरचे बियाणे धरता येईल असे गृहीत धरू नका. चार्ड द्विवर्षायु आहे. फुलोऱ्यासाठी त्याला लांबलेली थंडी लागते आणि आपला हिवाळा तेवढा टिकत नाही. एखादे झाड फुललेच, तरी वाऱ्याने पालकाचे परागकण येऊन पुढची पिढी मिसळते. घरापुरती १०-१२ झाडे पुरतात, त्यामुळे छोटे पाकीटच घ्या. उरलेले दाणे कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवल्यास दोन-तीन हंगाम वापरता येतात.