रॉयल डॅनिश ग्रंथालय, कोपनहेगन

डेन्मार्कचे राष्ट्रीय ग्रंथालय. राजधानी कोपनहेगनमधील स्लॉट्सहोल्मन या बेटावर, देशाची संसद जेथे भरते त्या क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याच्या पिछाडीस, बंदराच्या काठी ते आहे. १९०६ सालची लाल विटांची वास्तू आणि १९९९ मध्ये तिला जोडलेला काळ्या ग्रॅनाइटचा विस्तार ही त्याची दोन मुख्य अंगे. ‘काळा हिरा’ या नावाने हा विस्तार इतका गाजला, की पुष्कळ पर्यटक बंदरावरून त्याचे छायाचित्र काढतात आणि ग्रंथालय पाहिले असे समजून निघून जातात. जुन्या वास्तूवर हा अन्यायच आहे.

राजा तिसरा फ्रेडरिक याने १६४८ मध्ये या संग्रहाचा पाया घातला. देशात छापल्या जाणाऱ्या ग्रंथांच्या प्रती येथे जमा करण्याचा नियम १६९७ पासून आहे. सामान्य लोकांना मात्र दार उघडले ते १७९३ मध्ये. कोपनहेगन विद्यापीठाचे ग्रंथालय १९८९ मध्ये आणि ऑर्हूस शहरातील मोठे ग्रंथालय २०१७ मध्ये यात विलीन झाले.

जुनी इमारत वास्तुविशारद हान्स यर्गन होल्म यांची. तिच्या मधल्या दालनासाठी त्यांनी जर्मनीतील आखेन येथील सम्राट शार्लमेनच्या प्रार्थनामंदिराचा नमुना घेतला. समोरची बाग १९२० ची. बागेची जागा म्हणजे राजाच्या आरमाराचे बुजवलेले बंदर. गलबते बांधण्याचे लोखंडी कडे भिंतीत अजून शाबूत आहे. तत्त्वज्ञ सरेन किर्केगॉर यांचा पुतळा याच बागेत आहे.

नवा विस्तार श्मिट हॅमर लासेन या डॅनिश वास्तुसंस्थेचा. त्याचा ग्रॅनाइट झिंबाब्वेच्या खाणीतला; इटलीत कापून, घासून तो येथे आणला गेला. बाहेरच्या भिंती किंचित कललेल्या आहेत आणि गुळगुळीत दगडात बंदराचे पाणी हलताना दिसते. आत शिरले की हा कठोरपणा संपतो. मधोमध पार छतापर्यंत मोकळी पोकळी, तिच्या दोन्ही अंगांना लाटेसारखे वळत गेलेले मजले आणि पाण्याच्या बाजूला उंच काचेची भिंत. सहाशे आसनांचे सभागृह, प्रदर्शनाची दालने, पुस्तकांचे दुकान आणि उपाहारगृह याच भागात आहे. फझी या संगीतकाराने ग्रंथालयातील दुर्मीळ वस्तूंवरून वर्षातील बावन्न आठवड्यांसाठी बावन्न ध्वनिरचना केल्या, त्याही या पोकळीत वाजवण्यासाठी.

खरे कसब मात्र जोडणीत आहे. दोन्ही भागांमधून वाहता रस्ता जातो आणि त्यावरून तीन पूल टाकले आहेत. दोन लहान पूल पुस्तकांच्या ने-आणीसाठी, तिसरा रुंद पूल वाचकांसाठी. या रुंद पुलाच्या छतावर चित्रकार पेर किर्केबी यांचे भलेमोठे चित्र आहे. त्याखालून चालत गेले की काचेचा उजेड मागे राहतो आणि आपण होल्म यांच्या दालनांत येतो. नव्याने जुन्याची नक्कल केलेली नाही, आणि जुन्याचे नुसते संग्रहालयही होऊ दिलेले नाही. नव्या-जुन्याच्या मेळाच्या गप्पा मारणाऱ्या अनेक इमारतींना हे साधलेले नाही.

हान्स क्रिश्चन अँडरसन आणि किर्केगॉर यांची हस्तलिखिते हे येथील राष्ट्रीय धन. पेरूमधील ग्वामान पोमा याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली, सुमारे चारशे चित्रांची बखर १९०८ मध्ये याच संग्रहात अभ्यासकांच्या नजरेस पडली. संग्रहाला चोरीचाही इतिहास आहे. १९६८ ते १९७८ या काळात सुमारे ३,२०० जुने ग्रंथ नाहीसे झाले आणि चोर निघाला तो ग्रंथालयाचाच कर्मचारी. हे उघड झाले २००३ मध्ये, त्यांपैकी एक पुस्तक लंडनला लिलावासाठी आल्यावर.

मुंबईशी या संग्रहाचे नाते जुने आहे. भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क १८२० मध्ये मुंबईत होते. तेथे मिळवलेल्या अवेस्ता व पहलवी पोथ्या आणि श्रीलंकेतून आणलेली पाली ताडपत्रे त्यांनी कोपनहेगनला नेली. या ताडपत्रांच्या आधारे डॅनिश पाली अभ्यासक फाउसबोल यांनी १८५५ मध्ये धम्मपदाची संपादित आवृत्ती लॅटिन भाषांतरासह छापली. त्याआधी, १७६३-६४ मध्ये, डॅनिश राजाच्या अरबस्तान मोहिमेतील कार्स्टन नीबुर मुंबईत राहिला आणि त्याने घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने केली. मोहिमेतून जिवंत परतलेला तो एकटाच. मोहिमेत विकत घेतलेल्या अरबी-हिब्रू पोथ्या या ग्रंथालयात आल्या.

इमारतीत फिरण्यास तिकीट लागत नाही. दुर्मीळ हस्तलिखितांसाठी मात्र आधी मागणी नोंदवावी लागते. ग्वामान पोमाची बखर २००१ पासून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पानन्‌पान उपलब्ध आहे. तिच्यासाठी कोपनहेगन गाठण्याची गरज नाही.