फटफटीचें वंगण

यंत्रांच्या इतिहासांत चाकाचें, वाफेचें आणि पेट्रोलचें वर्णन जितक्या कौतुकानें केलें जातें, तितक्या कौतुकानें वंगणाचें होत नाहीं. वस्तुतः बैलगाडीच्या खालीं लोंबणारें वंगणाचें नळकांडें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना त्याची थोरवी सांगावयास नको. आंसाला वंगण मिळालें नाहीं, तर गाडी नुसती कुरकुरून राहत नाहीं; ती आंस आणि चाकाचा तुंबा दोन्ही हळूहळू खाऊन टाकते. फटफटीचा प्रकार याहून निराळा नाहीं. मात्र तिच्या पोटांत तीन भिन्न व्यापार चालतात. सिलिंडरांत दट्ट्या वरखालीं धांवतो, गिअरचीं दांतेरी चाकें एकमेकांना रेटतात, आणि क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. पहिल्या दोन व्यापारांना घर्षण हा शत्रु आहे; तिसऱ्याचें घर्षणावांचून क्षणभर चालत नाहीं. फटफटीला कोणतें तेल घालावें, हा वाद आज शंभर वर्षांनंतरही मिटत नाहीं, त्याचें मूळ या विरोधांत आहे.

आरंभीं हा विरोध नव्हता, कारण गिअरच नव्हते. आयरिश समुद्रांतील मॅन बेटावर 28 मे 1907 रोजीं टूरिस्ट ट्रॉफी नांवाची प्रसिद्ध शर्यत प्रथम झाली, तेव्हां एका सिलिंडरच्या वर्गांत चार्ली कॉलियर हा मॅचलेस गाडीवर पहिला आला. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ति चामड्याच्या पट्ट्यानें सरळ मागील चाकास जाई, आणि चढ आला कीं स्वार सायकलप्रमाणें पायटे मारून यंत्रास मदत करी. तेलाची व्यवस्था तर आजच्या मनुष्यास अगदीं रानटी वाटेल. टाकीजवळ एक हातपंप असे. कांहीं मैल गेले कीं स्वारानें त्याचा एक दाब द्यावा, म्हणजे थोडें तेल इंजिनांत उतरे, तेथें आपलें काम करी आणि जळून वा गळून नाहींसें होई. तें परत येत नसे. दाब द्यावयास विसरलें तर दट्ट्या सिलिंडरांत चिकटून बसे. भीतीपोटीं दोन दाब अधिक दिले तर प्लग काजळून गाडी बंद पडे आणि मागें निळ्या धुराचा लोट उठे. तेव्हां तेलाची निवड आणि तेलाचें माप हीं दोन्ही स्वाराच्या कानावर अवलंबून असत.

या काळांत मान्यता पावलेलें तेल ऐकून श्रोत्यांतील अनेकांच्या कपाळास आंठ्या पडतील. तें होतें एरंडेल! लहानपणीं आईनें नाक दाबून पाजलेला तो पदार्थ इंजिनाला मात्र मोठा मानवे. एरंडेलाचे कण धातूला चिकटून राहतात आणि भारी दाबाखालींही त्याचा पापुद्रा सहसा तुटत नाहीं. चार्ल्स वेकफील्ड यानें 1899 सालीं लंडन येथें वंगणाची पेढी काढली होती. तिनें 1909 सालीं खनिज तेलांत एरंडेलाचा अंश मिसळलेलें तेल विकावयास आणलें, आणि एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नांवावरून त्याला ‘कॅस्ट्रॉल’ असें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांतील फिरत्या सिलिंडरांच्या विमानांनाही एरंडेलच लागे. एरंडीच्या बिया जगास पुरविणारांत हिंदुस्थान अग्रेसर होता, तेव्हां आपल्या कोरडवाहू जमिनींतील या झुडपाचा पाश्चात्यांच्या शर्यतींशीं संबंध कांहीं थोडाथोडका नव्हे. एरंडेलाचा दोष एवढाच कीं, उष्णतेनें त्याचा राळेसारखा चिकट थर बनतो, आणि मग इंजिन खोलून घासावें लागतें. शिवाय शुद्ध एरंडेल खनिज तेलांत नीट मिसळत नाहीं. म्हणून एकदां तें वापरलेल्या इंजिनांत दुसरें तेल घालावयाचें तर आधीं सर्व कांहीं धुऊन काढणें प्राप्त असे.

1911 हें वर्ष या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षीं मॅन बेटाची शर्यत डोंगरी मार्गावर नेण्यांत आली, आणि अमेरिकेंतील ‘इंडियन’ या गाड्यांनीं वरच्या वर्गांतील पहिलीं तिन्ही स्थानें पटकाविलीं. (या नांवाचा आपल्या देशाशीं संबंध नाहीं, त्या गाड्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्डच्या.) त्यांना गिअर होते आणि पट्ट्याऐवजीं सांखळी होती. चढावर पट्टा आणि पायटे यांचा निभाव लागत नाहीं, हें तेव्हांपासून सर्वांस उमगलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील मोटार-शास्त्रज्ञांच्या संस्थेनें, जिचीं आद्याक्षरें एस. ए. ई. अशीं आहेत, तेलाच्या दाटपणास अंक देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तोंपर्यंत ‘पातळ’, ‘मध्यम’, ‘दाट’ हे शब्द प्रत्येक विक्रेता आपापल्या मर्जीप्रमाणें वापरी.

पुढील काळांत विलायतेंतील गाड्यांना गिअरची पेटी स्वतंत्र असे. स्टर्मी-आर्चर, बर्मन, अल्बियन असे कारखाने पेट्या तयार करीत, आणि गाडीवाले त्या विकत घेऊन बसवीत. अर्थात् पेटीचें वंगणही स्वतंत्र, बहुधा दाट तेल किंवा मऊ ग्रीस. इंजिनांतील तेलही आतां पंपानें पुन्हां पुन्हां फिरूं लागलें. हार्ले-डेव्हिडसनची 1936 ची मोठी गाडी या सुधारणेसाठीं प्रसिद्ध आहे. तेल टिकूं लागलें, तशी त्याची परीक्षाही कठीण झाली. जें तेल क्षणभर वापरून फेंकावयाचें त्याचे दोष झांकले जातात. जें महिनोन्महिने फिरावयाचें त्याचे दोष उघडे पडतात.

येथें एक गैरसमज सांगितला पाहिजे, कारण त्यानें आजही गाड्यांचें नुकसान होतें. गिअरच्या तेलावर 90 हा अंक पाहून तें इंजिनाच्या 40 अंकी तेलाच्या दुप्पट दाट असावें, असें लोकांना वाटतें. या दोन मापपट्ट्या निरनिराळ्या आहेत. गिअरचें 90 अंकी तेल सुमारें इंजिनाच्या 40 ते 50 अंकी तेलाइतकेंच दाट असतें. दुसरी गोष्ट, 1926 च्या सुमारास पॅकार्ड मोटारींत मागील आंसाला हायपॉइड नांवाचे तिरपे दांते आले, आणि ते एकमेकांवर घांसत चालत असल्यानें त्यांच्यासाठीं गंधकयुक्त द्रव्यें घातलेलीं तीव्र तेलें निघालीं. जुन्या फटफटीच्या पेटींत कांशाचे बुश असतात. असें तीव्र तेल त्यांना हळूहळू कुरतडतें. ‘अधिक जोरदार तें अधिक चांगलें’ हा न्याय औषधाला लागू नाहीं, तसा वंगणालाही नाहीं.

खरी क्रांति जपानांत झाली. होंडा कंपनीनें 1958 सालीं सुपर कब ही लहान गाडी काढली, आणि तिच्या इंजिनाला, गिअरला आणि क्लचला एकाच पोटांतलें एकच तेल दिलें. अशी रचना पूर्वीं कोणी केलीच नव्हती असें नाहीं. मोटारींतही 1959 च्या ब्रिटिश ‘मिनी’नें इंजिन व गिअर यांना एका तेलांत बसविलें. पण सुपर कबच्या अफाट खपामुळें ही पद्धति जगभर पसरली. गृहस्थाच्या दृष्टीनें ती सोईची, यंत्राच्या दृष्टीनें मात्र तेलावर तिहेरी भार. त्याच सुमारास थंडींत पातळ आणि उष्णतेंत पुरेसें दाट राहणारीं, 20W-50 सारख्या जोडअंकांचीं तेलें प्रचारांत येत होतीं. त्यांचा हा गुण लांबलचक रेणूंच्या द्रव्यानें येतो, आणि गिअरचे दांते ते रेणू कात्रीप्रमाणें तोडतात. म्हणून मोटारींत दीर्घ काळ टिकणारें तेल फटफटींत लवकर पातळ होतें.

1973 च्या तेलटंचाईनंतर दुसरें संकट आलें. पेट्रोल वांचावें म्हणून मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें पडूं लागलीं. मोटारीचा क्लच बहुधा कोरडा असल्यानें तिला त्यांचा लाभच झाला. परंतु तेलांत बुडालेला फटफटीचा क्लच घसरूं लागण्याचा धोका निर्माण झाला. इंजिन ओरडतें आणि गाडी पुढें सरकत नाहीं, हें त्याचें लक्षण. शिवाय धुराडांतील शुद्धियंत्र बिघडूं नये म्हणून मोटारींच्या तेलांतून झीज रोखणारा फॉस्फरसही कमी होत गेला. अखेर जपानी संस्थेनें 1998 सालीं जासो टी-903 हें फटफट्यांपुरतें निराळें प्रमाण ठरविलें. ज्या तेलांत क्लच चांगला धरतो त्याला ‘एमए’, आणि ज्यांत घर्षण कमी त्याला ‘एमबी’ अशा खुणा मिळाल्या. पुढें 2006 सालीं ‘एमए’चेही दोन पोटभेद झाले.

या साऱ्या इतिहासाचे थर भारतांत एका बुलेट गाडीवर वाचतां येतात. 1955 सालीं मद्रासेंत तिच्या बांधणीचा उद्योग सुरू झाला. त्या जुन्या बुलेटमध्यें इंजिनाचें तेल एका जागीं, अल्बियन धाटणीच्या पेटीचें वंगण दुसऱ्या जागीं आणि क्लच व सांखळीच्या डब्याचें पातळ तेल तिसऱ्या जागीं. 2008 नंतर आलेल्या एकसंध इंजिनांत या तिन्हीं जागा एक झाल्या. याच्या उलट, बजाजच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्यें इंजिनाचें तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें आणि गिअरपेटींत मात्र वेगळें 30 अंकी तेल. एकाच घराच्या अंगणांत या तीन प्रकारच्या गाड्या नांदल्याचीं उदाहरणें पुण्यासारख्या शहरांत कमी नाहींत, आणि एकीचा डबा दुसरींत ओतल्याचीं तर मुळींच कमी नाहींत.

तेव्हां निवड करतांना प्रथम पाहावयाचें तें तेल किती जागीं जातें हें. एकाच जागीं जात असून क्लच तेलांत बुडालेला असेल, तर कारखान्याच्या पुस्तिकेंत दिलेला दाटपणाचा अंक आणि डब्यावरील ‘एमए’ किंवा ‘एमए2’ ही खूण जुळली कीं पुरे. मोटारीचें इंधन-बचतीचें तेल तेथें घालूं नये, मग तें कितीही महाग असो. आपोआप वेग बदलणाऱ्या, पट्ट्यावर चालणाऱ्या आजच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, म्हणून तिला ‘एमबी’ शोभतें. तिच्या मागील चाकाजवळच्या लहानशा गिअरपेटींतलें तेल मात्र आजही निराळेंच बदलावें लागतें, आणि तें बदलावयास बहुतेक लोक विसरतात.