माळ आणि वाट

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला. मी विदुषी नव्हे. परंतु आपल्या दारावरून दरवर्षी जो इतिहास पायी चालत जातो, त्याविषयी चार शब्द लिहिते.

आपल्या वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरास लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. ज्यांना पंढरीची वारी घडत नसे, असे गिरणगावातील कितीतरी कामकरी आषाढी एकादशीस टाळ-मृदंगासह येथवर पायी येत.

ही वाट फार जुनी. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानदेवांच्या पालखीस शिस्त लावली. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. दिंडीत वीणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या बायका, ज्याची त्याची जागा ठरलेली. एखादा मागे राहिला तर लगेच ध्यानात येते. गळ्यात तुळशीची माळ घालावयाची म्हणजे दारू आणि मांसाहार सोडावयाचा. ही आण चारचौघांत घेतलेली असल्याने ती पाळण्यासही चारचौघांची सोबत लाभते. गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) कीर्तनांतून दारूवर असेच लोकांशी बोलत बोलत कोरडे ओढले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दुकानांना कुलपे लागली, पण हातभट्ट्या राहिल्याच.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्यांत माझे वडील होते. हाताला काम नाही, मनास उभारी नाही, आणि मग बाटली. आई ही गोष्ट शेजारणींपासून लपवी. मी आज प्रथमच लिहिते आहे.

चाळीतील भजनी मंडळाने त्यांना माळ घातली. दोन महिन्यांनी ती खुंटीवर लटकली. मंडळींनी दोष दिला नाही. पहाटे दाराशी येऊन "चला माउली" एवढेच म्हणत आणि त्यांना वडाळ्यापर्यंत चालवत नेत. दारू एकदम सोडल्यावर एकदा त्यांना कंप सुटला, रात्री भास होऊ लागले. तेव्हा त्याच मंडळींनी त्यांना इस्पितळात पोचवले. नामस्मरणाने सारे बरे होते, असे कोणी म्हणाले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. जुना पिणारा एकाएकी थांबला तर जिवावर बेतू शकते. तेथे डॉक्टरच हवा. औषधाने शरीर सावरले, सोबतीने माणूस.

१९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपी एकमेकांस सावरू लागले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले. दोन्हींचे मर्म आपल्या दिंडीतलेच : एकट्याने चालू नये.

वडिलांची माळ पुन्हा दोनदा तुटली, मग टिकली. पण त्या वर्षांत माझ्या आईसोबत चालावयास कोणी नव्हते.

म्हणून भगिनींनो, एक विनंती. आपण काहीजणी सकाळी पाच बागांभोवती फिरतोच. ज्या घरात असे दुःख आहे, त्या घरच्या बाईस हाक मारून बरोबर घ्यावे. काही विचारू नये. बोलेल तेव्हा ऐकावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी उभे राहावे.